देणाऱ्याचं घर

पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत,
दुसरा-चौथा निळ्या.
एवढं शिकलो, आणि सित्राच्या त्या क्लबात
संध्याकाळचं टेबल माझं झालं.
दिवसा क्लिअरिंग एजंटाकडे पावत्या फाडायच्या,
रात्री मॅचमागे तीन दिनार आणि कागदी पेल्यात करक चहा.

जरेल टिब्स आला तेव्हा ईद होऊन आठवडा झाला होता.
पाच फूट अकरा.
कागदावर सहा एक.
(कागद मीच भरला. दोन इंच माझ्याकडचे.)
आधी कोसोव्हो, मग उरुग्वेतलं कुठलंसं गाव,
तैवानात सहा आठवडे,
आणि त्याच्याच मुलखात एक संघ,
जो हंगामाच्या मध्यात बुडाला;
मालकानं शेवटच्या पगाराऐवजी
हॉलमधल्या खुर्च्या वाटल्या.
असं तो सांगायचा. खरं असेल.
दोन खुर्च्या आईच्या ओसरीवर आहेत म्हणाला,
नंबरांसकट.

वय विचारलं की एकतीस.
पासपोर्ट क्लबच्या खणात होता, मी पाहिला होता.
चौतीस.
इंच दिले तिथे वर्षांचं काय.

खेळायचा कसा, ते सांगणं अवघड.
नजर डावीकडच्या एसीवर, जो ठिबकतो,
आणि चेंडू उजवीकडे, हुसेनच्या हातात,
हुसेनला कळायच्या आत.
हुसेन म्हणजे आमचा उंच पोरगा,
पहाटे बापाबरोबर खेकड्यांचे पिंजरे उचलणारा,
त्याचे हात नेहमी ओले वाटत.
तो चेंडू वर ठेवून द्यायचा, फळीवर डबा ठेवावा तसा.
मी लिहायचो: नऊ नंबर, दोन गुण.

आमच्या कागदावर
टाकणाऱ्याला घर असतं. फाउल करणाऱ्याला पाच घरं.
कोचनं टाइमआउट मागितला तर त्यालाही.
चेंडू देणाऱ्याला नाही.
मला याचं नवल नव्हतं. दापोलीला घर झालं,
वास्तुशांतीच्या फोटोत अख्खी वाडी आहे, मी नाही.

जानेवारीत एकदा गॅलरीत एक नवा माणूस बसला.
सहा फूट नऊ, खरे. बॅग पायाशी.
परदेशी एकच खेळवता येतो, हे जरेललाही माहीत.
त्यानं एकदाच वर पाहिलं, मग बुटाची नाडी सोडून परत बांधली.

शेवटची अकरा सेकंदं, बरोबरी.
त्याच्यासमोर कोणी नव्हतं.
अक्षरशः कोणी नाही. मी सुद्धा टाकला असता.
हुसेनला दिला.
नऊ नंबर, दोन गुण. निळी शाई. जिंकलो.

मॅनेजर टेबलाशी आला, कागद उलटा फिरवला,
बोट टेकवून म्हणाला, हे बघ,
अख्ख्या रात्रीत याचे चार.
कागद खोटं बोलत नव्हता.
अक्षर माझं होतं.
मी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवला.

चौथ्या दिवशी त्याला विमानतळावर मीच सोडलं.
पुलावर भरती होती, रिफायनरीची ज्योत मागे.
तो गाडीत गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता,
पाणी सीटवर गळत होतं, सॉरी म्हणत होता.
पार्किंगमध्ये त्याला त्या मॅचची गुलाबी प्रत दिली.
हुसेनच्या, यूसुफच्या, सगळ्यांच्या गुणांशेजारी
मी घरी बसून पेन्सिलीनं ठिपके दिले होते,
त्यानं दिलेल्या प्रत्येक चेंडूचा एक.
अकरा.

त्यानं गाडीतला दिवा लावला.
वरून खाली वाचलं, ओठ हलवत,
जसं आपण किराण्याचं बिल तपासतो.
“बारा,” म्हणाला. “एक राहिला तुझ्याकडून.”
कागद घडी करून बुटांच्या पिशवीत टाकला,
आणि लंगडत गेला, ट्रॉली न घेता.

आता तो कुठे असतो, माहीत नाही.
पेट्रोल भरताना, पावत्या लावताना
ती मॅच मी पहिल्यापासून खेळवतो.
लाल, निळी, लाल, निळी.
अकराच भरतात.